कोरी केबिन

"ही केबिन घेऊ नका," आई म्हणाली. "वर नाचघर आहे."

ड्रायव्हरकाकांनी मोबाइल स्वतःकडे वळवला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे बारीक करून पाहिलं. "कुठंय नाचघर? इथं तर नुसता पलंग दिसतोय. आणि त्यावर टॉवेलचा हत्ती."

"हत्ती सगळ्याच केबिनमध्ये असतो, ड्रायव्हरसाहेब. नाचघर फोटोत येत नाही."

मी काउंटरच्या मागे, जुन्या खुर्चीत गुंडीला पाजत बसले होते. गुंडी म्हणजे माझी चार महिन्यांची लेक. बाळंतपणाच्या रजेतल्या दुपारी घरी खायला उठायच्या, म्हणून मी रोज हिला घेऊन आईच्या दुकानात यायचे. चष्म्याचं दुकान आणि चपला शिवणाऱ्याची टपरी यांच्या मधोमध असलेलं, दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याला वाट मिळणार नाही एवढं अरुंद दुकान. बाहेर पाटी, काचेवर उन्हानं निळी पडलेली बोटीची चित्रं, आत एक लोखंडी कपाट. घरात टाचणी पडली तरी दचकणारी गुंडी इथे प्रिंटरच्या खरखरीत गाढ झोपायची.

आई एकतीस वर्षं लोकांना क्रूझवर पाठवत होती. गावात तिला 'बोटवाल्या बाई' म्हणत.

"खरं सांगू का बाई," काका खुर्चीच्या टोकावर आले. तीस वर्षं त्यांनी बस चालवली होती आणि त्यांची एकच इच्छा होती, की आता दुसऱ्या कुणीतरी चालवावं आणि आपण मागे बसावं. "जावयानं हे मोबाइलवर शोधलंय. तिथं स्वस्त पडतंय. म्हणजे, मला तुमच्याकडूनच... पण जावई म्हणतो, बाबा, आता कोण एजंटकडे जातं?"

काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं. "गप्प बसा की. त्यांच्याच दुकानात बसून."

"अहो वहिनी, त्यात काय लाजायचं? स्वस्त पडतंय तर घ्या की तिथूनच." आई उठली आणि कपाटाचा तिसरा खण ओढला. "फक्त नंबर बदला."

तिनं नकाशा पसरला. प्रत्येक बोटीचा असा मजल्यामजल्याचा नकाशा तिच्याकडे होता, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्ट्या लावून सांधलेला. त्यावर मुंग्यांएवढ्या चौकटी, म्हणजे केबिन. आणि त्या चौकटी रंगीत पेन्सिलींनी भरलेल्या: हिरव्या, लाल, काही निळ्या. माझ्या लहानपणी मला वाटायचं की आई दुकानात बसून चित्रं रंगवते. रंग तिचे नव्हते. ट्रिपहून आलेल्या प्रत्येकाला ती दुकानात बोलावायची, चहा पाजायची आणि एकच प्रश्न विचारायची: झोप कशी लागली? समुद्र कसा होता, जेवण कसं होतं, ते सगळं लोक आपणहून सांगत. झोपेबद्दल मात्र कुणी कुणाला सांगत नाही, असं तिचं म्हणणं. चांगली लागली तर हिरवं, आवाजानं मोडली तर लाल, हेलकाव्यांनी पोटात ढवळलं तर निळं.

"ही तुमची. बघा, लाल. पहिल्या वर्षी एक शाळेच्या बाई गेल्या होत्या, पहाटेपर्यंत छतातून ढोल ऐकत होत्या. मग एक डॉक्टर. तिसऱ्या वेळी नवं जोडपं गेलं. त्यांची काही तक्रार नव्हती."

"मग?"

"नव्या जोडप्याचं मी धरत नाही."

काकू तोंडावर पदर धरून हसल्या. आईनं बोटीच्या मधल्या भागातली एक हिरवी चौकट दाखवली. "ही मागा जावयाला. वर केबिन, खाली केबिन. शेजारी जिना नाही. भाव तोच."

काकांनी नंबर हातावर लिहून घेतला. मग उगाचच खिसा चाचपला. "तुमचं काय द्यायचं?"

"परत आलात की चहाला या. झोपेचं सांगा."

ते गेल्यावर आईनं नकाशा घडीवर घडी घालून ठेवला आणि तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली.

"वाईट नाही वाटत तुला?" मी विचारलं.

"वाटतं की. दगडाची आहे का मी?" तिनं ओठ पुसले. "पण म्हणून काय त्या वहिनींना नाचघराखाली झोपवू?"

मी मान खाली घातली. गुंडी पिता पिता झोपली होती, तरी तिच्याकडेच बघत राहिले. कारण पायाशी असलेल्या माझ्या पिशवीत, लंगोटांच्या खाली, एक घडी घातलेला कागद होता.

आई कधीही क्रूझवर गेली नव्हती. हे ऐकून लोक हसायचे, तीही हसायची. बोट पाहिली नव्हती असं नाही, चांगल्या पंचवीस-तीस पाहिल्या होत्या. बोट बंदराला लागली की कंपनी एजंटांना आत बोलवायची, केबिन दाखवायची, दुपारचं जेवण द्यायची आणि भोंगा व्हायच्या आत खाली उतरवायची. पलंगाच्या गादीवर हात दाबून पाहिलेला, न्हाणीघराच्या दाराची रुंदी वितीनं मोजलेली, पण पायाखालची बोट एकदाही हललेली नाही. आधी मी लहान होते. मग बाबा होते, आणि बाबांना टेबलफॅनकडे टक लावून पाहिलं तरी गरगरायचं. ते आजारी पडले, गेले. त्यानंतर दरवर्षी 'हंगामात दुकान कोण बघणार' हे होतंच.

म्हणून तिच्या साठीला मी ठरवलं होतं. आम्ही तिघं आणि ती, दोन केबिन, सहा दिवस. तिच्याकडून बुक करायचं म्हटलं असतं तर तिनं तीनशे कारणं काढली असती. म्हणून एका दुपारी, गुंडी एका बाजूला दूध पीत असताना, मी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मोबाइलवर बुक करून टाकलं. वर लाल अक्षरांत घड्याळ धावत होतं, 'या दरात फक्त दोन केबिन शिल्लक'. एवढ्या वेळात चहासुद्धा उकळत नाही. मला केवढा अभिमान वाटला होता स्वतःचा! आणि आज तो कागद तिच्या हातात ठेवायचा, असं ठरवूनच मी आले होते.

आता नको, असं मनात म्हणतेय तोवर गुंडीनं पराक्रम केला आणि वास दुकानभर पसरला.

"आण इकडे, मी बदलते," म्हणत आईनं पिशवीत हात घातला. लंगोटाबरोबर कागदही वर आला.

"हे काय?"

"ते... तुझ्यासाठी होतं. साठीचं."

तिनं आधी गुंडीला स्वच्छ केलं, हात धुतले, मग चष्मा लावून कागद उघडला. मला वाटलं होतं, ती आधी वरचं नाव वाचेल, 'अगं' म्हणेल, डोळे पुसेल. पण ती कुणाही गिऱ्हाइकाचा कागद वाचावा तसा वाचत गेली. बोटीचं नाव. तारीख. प्रवासी. केबिन. मग पुन्हा प्रवासी.

"ऑनलाइन केलंस," ती म्हणाली.

"तू घेऊ दिलं नसतंस."

"नसतं दिलं." कागदावरची नजर हलली नाही. "गुंडीचा जन्म कधीचा?"

"काय विचारतेस आई? तूच होतीस ना खोलीच्या बाहेर."

"तारीख सांग."

मी सांगितली. तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं, एकदा, मग उलट्या बाजूनं एकदा. "बोट सुटेल त्या दिवशी ही पाच महिने बावीस दिवसांची असेल. सहा महिन्यांच्या आतलं मूल बोटीवर घेत नाहीत. बंदरावरून परत पाठवतात."

"असं कसं? मी वय भरलं होतं. शून्य."

"शून्य पाच महिन्यांनाही होतं आणि अकरालाही."

माझे कान तापले. एकतीस वर्षं ज्या बाईनं लोकांच्या बोटी सांभाळल्या, तिची मी लेक. शाळेची सगळी सुट्टी मी या काउंटरखाली घालवलेली. आणि मी स्वतःच्या पोरीला अशा बोटीचं तिकीट काढलं होतं, जी तिला चढूच देणार नव्हती. "थांब, मी करते नीट," म्हणून मोबाइल काढला. तिथे एका हसऱ्या चेहऱ्यानं विचारलं, मी आपली काय मदत करू? मी सगळं लिहिलं. उत्तर आलं: 'लहान मुलांसाठी आमच्याकडे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत.' पुन्हा लिहिलं. पुन्हा घसरगुंड्या. तिसऱ्या वेळी मला रडू यायला लागलं, कारण धड झोपून चार महिने झाले होते.

"दे," आई म्हणाली. तिनं मोबाइल माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला आणि स्वतःच्या टेबलावरचा फोन ओढला. नंबर तिला पाठ होता.

खूप वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. फोन खांद्यात धरून आईनं गुंडीला उभं घेतलं, ढेकर काढून दिला. मग पलीकडे एक मुलगी बोलू लागली. आईनं फोनचा आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"ही बुकिंग थेट आमच्याकडे झालीय मॅडम. एजंटशी आम्हाला बोलता येत नाही."

"माहितीय. पण तीस दिवसांच्या आत ती एजंटकडे वळवता येते. आज बारावा दिवस आहे."

पलीकडे कळफलक वाजला. "हो... येते. पण ज्यांनी बुक केलंय त्यांनी स्वतः सांगायला हवं."

आईनं रिसीव्हर माझ्याकडे दिला. मुलीनं छापील सुरात विचारलं, "आपण ही बुकिंग स्वखुशीनं या एजंटकडे सोपवत आहात का?"

"हो."

"आपल्यावर कुणाचा दबाव नाही ना?"

मी आईकडे पाहिलं. ती भुवया वर करून बघत होती. "लहानपणापासून आहे," मी म्हणाले. पलीकडची मुलगी गोंधळली, आई मात्र खुदकन हसली, आणि मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

मग आई बोलायला बसली. आवाज चढवला नाही की विनवण्या केल्या नाहीत. मी तिला असं फोनवर बोलताना हजारदा ऐकलं होतं, पण तो माझ्यासाठी खेळाच्या मागचा आवाज असायचा. आज पहिल्यांदा तिनं माझी बाजू घेतली होती आणि मी गिऱ्हाईक होते.

"वय बघणं ही प्रवाशाची जबाबदारी आहे मॅडम. अटींमध्ये लिहिलंय."

"लिहिलंय. अठराव्या कलमात, खालून चौथी ओळ. पण तुमच्या पानावर जन्मतारीख विचारलेलीच नाही. वय विचारलंय. तिनं शून्य भरलं. तुमच्या पानानं शून्याला तिकीट दिलं. आम्ही काही फसवून घेतलेलं नाही."

"साहेबांना विचारते."

पुन्हा संगीत. आईनं मला खूण केली, पाणी पी. मी प्यायले.

"मॅडम? तरुण जोडप्याची आणि बाळाची केबिन पूर्ण रद्द करता येईल. काही कापणार नाही. पण तारीख पुढे ढकलता येणार नाही, ही हंगामातली शेवटचीच फेरी आहे. नंतर बोट दुरुस्तीला जाते."

"कल्पना आहे. करा रद्द."

"आणि दुसरी? सिंगल प्रवासी, एकाहत्तर चौतीस? तीही रद्द करू का? सोबतच करून देते."

मी आईचा हात धरला. "तू जा ना. आई, तू जा."

"एकटी काय करू तिथं?" ती पुटपुटली आणि फोनमध्ये म्हणाली, "हो, तीही..."

आणि थांबली. सवयीनं तिचा दुसरा हात कपाटाकडे गेला होता. रद्द करायची केबिनसुद्धा ती नकाशावर पाहिल्याशिवाय रद्द करत नसे. सातवा मजला. तिचं बोट रंगांच्या चौकटींवरून सरकत सरकत मागच्या टोकाला गेलं आणि एका जागी टेकलं.

"एक मिनिट हं," ती मुलीला म्हणाली.

चौकट पांढरी होती. आजूबाजूला हिरवं, निळं, लाल, आणि मधेच ही कोरी.

"इथे कुणी झोपलंच नाही?" मी विचारलं.

"मी दिलीच नाही कुणाला." तिनं वरच्या मजल्याचा कागद त्यावर ठेवला. एकाहत्तर चौतीसच्या डोक्यावर नुसती मोकळी जागा होती, काही न लिहिलेली. "हे बघ. नकाशात जिथे काहीच लिहिलेलं नसतं ना, तिथेच बोटीचं सगळं काम चाललेलं असतं. बहुतेक भटारखाना. म्हणून मी ती टाळत आले." ती चौकटीकडे बघत राहिली. "एकतीस वर्षं नुसत्या अंदाजावर टाळतेय."

"मॅडम, लाइनवर आहात ना?"

आईनं घसा साफ केला. "पहिली रद्द करा. दुसरी राहू दे."

"मी तुम्हाला बदलून देऊ शकते. त्याच भावात पुढच्या बाजूला एक छान..."

"नको. हीच."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली आणि लगेच कडक आवाजात म्हणाली, "साठीबिठीचं काही नाही हं. कामाला चाललेय. कुणीतरी झोपून बघायला पाहिजे."

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, तर तो घास हातात धरून बघतच राहिला. "साठीला आईंना भटारखान्याखाली झोपवतेस? लेक आहेस की वैरीण?"

"तिनंच मागून घेतलीय," मी म्हणाले. माझ्या आवाजातली ऐट मलाच ऐकू आली.

पुढचे सात आठवडे आईनं मला दुकान शिकवलं. कुठल्या खणात कुठली बोट. पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव यांतलं अक्षर न् अक्षर कसं पडताळायचं. गिऱ्हाईक 'कुठलीही चालेल' म्हणालं, तर त्याला नेमकं काय चालत नाही ते कसं काढून घ्यायचं. निघायच्या दिवशी तिनं पायात नवे बूट घातले आणि हातात तीच जुनी पर्स घेतली. बंदरावर तिला आत सोडताना गुंडीनं तिच्या बोटावरची मूठ सोडली नाही, मला एकेक बोट सोडवावं लागलं. "दुकान उघडायला उशीर करू नकोस," एवढंच म्हणून ती गेली. आम्ही खूप वेळ हात हलवत होतो. कठड्याला टेकलेल्या गर्दीत ती कुठे होती, ते आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही.

सहा दिवस मी दुकान चालवलं. टेबलाखाली गुंडीचं अंथरूण, टेबलावर नकाशे. ड्रायव्हरकाका आणि काकू त्याच आठवड्यात परत आले होते. चहाला बसल्यावर काका म्हणाले, "घोरलो म्हणे मी. सहाही दिवस." काकू म्हणाल्या, "तेवढाच आवाज होता, दुसरा नाही." त्यांची चौकट हिरवीच राहिली. मग काका जरा घुटमळले, आणि मेहुण्याच्या दोन तिकिटांचं विचारायला लागले. जावयाला सांगू नका, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा मेसेज आला. 'वर भटारखानाच. पहाटे चारला ट्रॉल्या. कुणीतरी शीळ घालत कणीक आपटतो. ७१३४ लाल कर.'

मी लाल पेन्सिलीला टोक करत होते, तोच दुसरा आला. 'थांब. लाल नको. पाच वाजता पावाचा वास येतो. आज वर जाऊन उभी राहिले, सगळ्या डेकवर मी एकटी. मग सूर्य आला. पिवळी पेन्सिल काढ. लवकर उठणाऱ्यांसाठी.'

पिवळी कुठल्याच खणात नव्हती. चष्म्याच्या दुकानातून मागून आणली आणि तिच्या एकतीस वर्षांतली पहिली पिवळी चौकट मी रंगवली. हात थोडा रेषेबाहेर गेला.

सातव्या दिवशी आम्ही तिला घ्यायला गेलो. बोट लागलेली होती, केवढी तरी पांढरी, स्तब्ध. माणसं उतरायला लागली, उन्हानं भाजलेली, पिशव्या सांभाळत, एकमेकांना हाका मारत. जिन्याच्या तळाशी पांढऱ्या गणवेशातला एक खलाशी वयस्कर लोकांना हात देऊन उतरवत होता.

आई दिसली. त्यानं हात पुढे केला, तिनं त्याला मान लववून नको म्हटलं आणि आपल्या आपण शेवटची पायरी उतरली. चार पावलं चालली आणि मध्येच थांबली.

तिला चक्कर आली असं वाटून मी गुंडीला नवऱ्याकडे दिलं आणि धावले. ती पाय जरा फाकवून उभी होती, काहीही न धरता. डोळे मिटलेले.

"आई! काय होतंय?"

तिनं डोळे न उघडताच एक बोट वर केलं.

"थांब जरा. अजून हलतंय."

मागून येणारी माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी जात राहिली. कुणाची चाकांची बॅग तिच्या बुटाला घासून गेली. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला आणि तिच्या शेजारी उभी राहिले.